झाकणावरचे षटकोन

दिवाळी अंकात आपल्या कामाविषयी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. पोलीस खात्यातले साहेब, डॉक्टर, बँकेतले मॅनेजर. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ असतं. मी कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज करते आणि दुपारनंतर वसईजवळच्या तुळिंजमधल्या एका फोटो स्टुडिओत काम करते. माझे वडील फरशा बसवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं दाखवून 'हे बरोबर आहे का' असं विचारायला घरात कुणी नाही. चुकलंमाकलं असेल तर समजून घ्या, एवढंच आधी म्हणते.

आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "तुझ्या कामातलं काही मजेशीर लिही." मजेशीर थोडं आहे. ते पहिल्यांदा सांगते, म्हणजे ते राहून जाणार नाही.

आमचा स्टुडिओ म्हणजे एक गाळा. पुढे काउंटर, कॉम्प्युटर आणि प्रिंटर, आणि प्लायवूडच्या भिंतीमागे फोटो काढायची जागा. मालकांना सगळे बस्त्याव अंकल म्हणतात. ते वसईच्या एका वाडीतले. चर्चमधल्या मुलांच्या पहिल्या कम्युनियनचे, लग्नांचे, गावच्या सणांचे फोटो काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता गुडघे दुखतात म्हणून ते काउंटरवर बसतात आणि आत मला पाठवतात. पण आतून क्लिकचा आवाज आला की बाहेरून ओरडतात, "हलला! परत काढ!" फोटो न बघता त्यांना हे कसं कळतं, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक वेळा तो खरंच हललेला असतो.

आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, मग स्टुडिओत येतं कोण, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी यावर बराच विचार केला आहे. स्वतःला बघायला फोटो हवा असेल तर माणूस मोबाईलवर काढतो. दुसऱ्या कुणीतरी आपल्याला पास करायचं असेल, तेव्हा तो आमच्याकडे येतो. कॉलेज, कंपनी, पासपोर्ट, सासर.

म्हणून आमच्याकडे दोन पडदे आहेत. एक पांढरा, एक निळा.

पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसायचं. दोन्ही कान दिसले पाहिजेत, कपाळावर केस नकोत, दात दिसायला नकोत. हे सगळं मी दिवसभर पोपटासारखी बोलते. एकदा लायसन्सच्या फोटोसाठी आलेला एक रिक्षावाला गॉगल काढायलाच तयार होईना. "मैं गाडी गॉगल पहन के ही चलाता हूँ, मॅडम. बिना गॉगल का आदमी मैं नहीं है," म्हणाला. अंकल बाहेरून ओरडले, "उसको बोल, साहब को आँख देखनी है, स्टाइल नहीं!" शेवटी त्याने गॉगल काढला, तर डोळ्यांभोवती गोऱ्या कातडीचा दुसरा गॉगल होता. तो मी कॉम्प्युटरवर पुसून दिला.

निळ्या पडद्यासमोर उभं राहायचं. तो स्थळाचा फोटो. मुलगी साडी नेसून येते, सोबत आई किंवा मावशी असते. डावा खांदा किंचित पुढे, हातावर हात, हनुवटी जरा खाली, नजर कॅमेऱ्याच्या थोडी वर. हे मला अंकलनी शिकवलं आणि आता ते माझ्या हातात इतकं बसलंय की मुलगी समोर उभी राहिली की माझा हात आपोआप तिच्या खांद्याकडे जातो. मग कॉम्प्युटरवर मुरुमं जातात, डोळ्यांखालचं काळं जातं, रंग थोडा उजळतो. आया म्हणतात, "फार नको हां, लोक फसवलं म्हणतील." आणि मग म्हणतात, "पण अजून थोडा चालेल."

जून-जुलैत पांढऱ्या पडद्यापुढे रांग असते, तुळशीच्या लग्नानंतर निळ्यापुढे. एखादी मुलगी मी आधी पांढऱ्यापुढे बसवलेली असते आणि एक-दोन वर्षांनी तिलाच निळ्यापुढे उभी करते. ती ओळख देते, मीही देते. मुलगे पांढऱ्यापुढून पुन्हा पांढऱ्यापुढेच येतात. आधी कॉलेज, मग नोकरी, मग पासपोर्ट.

आमच्याकडे नाताबाय नावाची एक म्हातारी दर वर्षी ईस्टरनंतर येते. चांगलं लाल लुगडं, कानात सोनं, केसांत फूल. तिला तिच्या मरणाचा फोटो हवा असतो. म्हणजे ती गेल्यावर शवपेटीजवळ ठेवतात तो.

"नाताबाय, मागच्या वर्षीचा आहे की," मी एकदा म्हटलं.

"मागच्या वर्षी मी जाड होते. पेटीत बारीक आन फोटोत जाड, लोकांना वाटेल दुसरीच कुणी मेली."

अंकल हसून म्हणाले, "म्हातारे, तू मला पोचवून मग जाशील."

"मग तुझा फोटो कोन काढनार रे, बस्त्याव? बस इथे स्टुलावर. ही पोरगी काढेल. माझ्यासमोर काढून ठेव, मला खात्री पायजे."

आणि अंकल खरंच बसले. तो फोटो काउंटरच्या खणात आहे. त्यांनी मला सांगून ठेवलंय की वेळ येईल तेव्हा तोच द्यायचा, रंग उजळायचा नाही.

अंकलचा एक नियम आहे आणि तो पुढच्या गोष्टीसाठी सांगायला हवा. ज्याचा फोटो काढला त्याच्या घरी एक प्रत गेलीच पाहिजे. त्यांच्या लहानपणी चर्चच्या सणाला बाहेरगावची माणसं यायची, नटवलेल्या पोरांना उभं करून फोटो काढायची आणि निघून जायची. "आम्ही कसे दिसतो ते कुठल्या कुठल्या लोकांना माहीत होतं, बाय, आणि आमच्या घरात एकही फोटो नव्हता," ते सांगतात. म्हणून आमच्याकडे प्रत दिल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. ती प्रत ज्याची त्याची, त्याने तिचं काहीही करावं, हा त्याच नियमाचा दुसरा भाग.

मजेशीर होतं ते एवढंच.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताई आल्या आणि आमच्या काचेवर एक पोस्टर लावून गेल्या. मुलींच्या शिक्षणासाठी फोटोंची स्पर्धा होती. आपल्या भागातल्या एका मुलीचा फोटो काढायचा, आणि ती ज्या वस्तूच्या आधाराने अभ्यास करते ती वस्तू त्यात दिसली पाहिजे. मोबाईल चालेल, कॅमेरा चालेल, स्टुडिओचा पडदा चालणार नाही. निवडलेले फोटो वसईच्या एका हॉलमध्ये लावणार होते. पहिल्या आलेल्या फोटोतल्या मुलीचं पदवीपर्यंतचं सगळं शिक्षण संस्था करणार होती. अट एकच, तिने त्या वर्षी कॉलेजात प्रवेश घेतला पाहिजे.

"पडद्याशिवाय फोटो म्हणजे मोबाईलच," अंकल म्हणाले आणि पुन्हा पेपर वाचायला लागले. पण मी पोस्टर वाचलं तेव्हाच मला काजल आठवली होती.

आमच्या गल्लीच्या मागे मासळी बाजार आहे. तिथे काजलची आई बसते. मी त्यांना मावशी म्हणते. खाडीकाठच्या गावातून त्या पहाटे बंदरावर जातात आणि मासळी घेऊन इकडे येतात. काजलचे वडील ती लहान असताना वारले. मावशींना दम्याचा त्रास आहे. भाव करता करता मध्येच थांबून त्या पंप ओढतात आणि गिऱ्हाईक निघून जायला लागलं की हातानेच 'थांब' म्हणतात. काजलने नुकतीच बारावी सायन्सची परीक्षा दिली होती. दुपारी ती आईच्या मागे मासळीच्या उलट्या पाटीवर बसायची. बर्फाच्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण मांडीवर घ्यायची आणि त्याच्यावर वही ठेवून लिहायची. वही भरली की झाकणावरच लिहायची. बॉलपेन दाबून लिहिलं की थर्माकोलवर खाच पडते. ते झाकण या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं होतं. त्यात षटकोन खूप होते. एकाला एक चिकटलेले, मधाच्या पोळ्यासारखे. मी कला शाखेची, मला ते काय ते कळायचं नाही. ती म्हणाली, "बेंझीन आहे, ताई. सगळं यातूनच निघतं. रंग, औषधं, सगळं."

तिला बी.एस्सी. करायचं होतं आणि मग बोईसरकडे एखाद्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागायचं होतं. "पांढरा कोट घालणार," ती म्हणायची. मावशी मागे न बघता म्हणायच्या, "धुनार कोन? मी?"

मी एका दुपारी कॅमेरा घेऊन गेले.

"मावशी, काजलचा फोटो काढू? स्पर्धेसाठी."

"काढ की. पन पापलेट येऊ दे फोटूत. आज ताजं हाय."

"पापलेट नको मावशी, अभ्यास यायला हवा."

"अभ्यास दिसतो होय फोटूत?"

मी त्यांना बक्षिसाचं सांगितलं. त्या सुरीवरचं पाणी झटकत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "लागला तर जाईल कॉलेजात. नाय लागला तर बगू." काजलने ते ऐकलं. ती उठून केस नीट बांधून आली.

पहिले फोटो वाईट आले. मी तिला भिंतीपाशी उभी केली आणि सवयीने तिचा खांदा वळवला. हनुवटी खाली कर म्हटलं. ती हसायला लागली. "ताई, तू मला स्थळाला उभी करतेयस." बाजूच्या बायकाही हसल्या. एक म्हणाली, "हातात पोह्यांची बशी दे तिच्या!" मला लाज वाटली.

"बस तू. रोज बसतेस तशी. मी इथे नाही असं समज."

"पण अभ्यास संपला ना. पेपर झाले."

"मग जुनंच काहीतरी लिही."

ती पाटीवर बसली, झाकण मांडीवर घेतलं आणि एका रिकाम्या कोपऱ्यात षटकोन काढायला लागली. जरा वेळाने ती मला खरंच विसरली. वरच्या निळ्या ताडपत्रीला एक फट होती. त्यातून ऊन तिरकं येऊन बरोबर झाकणावर पडलं.

इथे एक गोष्ट सांगते. आम्ही स्टुडिओत थर्माकोलचा पांढरा पत्रा वापरतो. दिव्यासमोर तो खालून धरला की त्याच्यावरून उजेड उलटा चेहऱ्यावर जातो. हनुवटीखालची सावली जाते, डोळ्यांत एक पांढरा ठिपका येतो आणि चेहरा जिवंत दिसतो. दिवा थेट तोंडावर मारला तर हे होत नाही. ते त्या दुपारी मासळी बाजारात आपोआप झालं. तिचा चेहरा झाकणावरच्या उजेडाने उजळला होता. षटकोनांच्या खाचा सुद्धा त्यात स्पष्ट दिसत होत्या. मी एकदाच क्लिक केलं.

अंकलनी तो फोटो कॉम्प्युटरवर बघितला आणि चष्मा काढला. "याला हात लावू नको," म्हणाले. "काही पुसू नको, काही उजळू नको. आहे तसा पाठव." माझ्या कामाबद्दल ते एवढं कधी बोललेले नाहीत.

बारावीचा निकाल लागला. काजल चांगल्या मार्कांनी पास झाली. कॉलेजचा ऑनलाइन अर्ज आमच्याच कॉम्प्युटरवर भरला. त्यासाठी ती पांढऱ्या पडद्यापुढे बसली, तेव्हा कानांमागे केस सारायला मला सांगावं लागलं नाही. यादीत नाव आलं. आता शेवटच्या तारखेच्या आत जाऊन प्रवेश पक्का करायचा होता, आणि मावशी फोटोचं काय होतं ते बघत होत्या. मध्येच संस्थेच्या ताईंचा फोन आला की फोटो प्रदर्शनासाठी निवडला आहे, त्यातली वस्तूही फोटोशेजारी ठेवायची आहे, आणून द्या. काजलने झाकण दोनदा साबणाने धुऊन आणलं. तरी अंकल आल्या आल्या म्हणाले, "बाय, माझ्या स्टुडिओत बोंबील कुणी आणले?"

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मावशी स्वतः आल्या. त्या स्टुडिओत पहिल्यांदाच येत होत्या. हात पदराला पुसून पायरीवरच उभ्या राहिल्या.

"बाय, तो फोटू लागला म्हनं. आमाला एक दे ना."

माझ्याजवळ एक मोठी प्रिंट काढून ठेवलेली होती, नियमाप्रमाणे त्यांच्याचसाठी. मी ती दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली आणि इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटलं दम लागला.

"केवडी सुंदर दिसतेय माजी पोर," त्या म्हणाल्या. "घरात अशी नाय दिसत."

"तशीच आहे ती, मावशी."

"हे खालचं काढता येईल का गो? हे झाकन, ते हात. नुसतं तोंड ठेव. चांगलं वाटेल."

मला वाटलं, त्यांना मासळीच्या झाकणाची लाज वाटत असेल. मला ते लगेच समजलं. मी स्वतः कॉलेजच्या पहिल्या वर्षी वडिलांबरोबरच्या फोटोतून त्यांचे सिमेंटने फुटलेले हात कापून मग तो मोबाईलवर लावला होता. मी अंकलकडे बघितलं. "फोटो ज्याचा त्याचा," ते म्हणाले. मी प्रिंट कटरवर ठेवली आणि पातं खाली ओढलं. वरचा भाग मावशींनी पिशवीत घातला, पेपरमध्ये गुंडाळून, कडा दुमडू नयेत म्हणून. खालचा भाग टेबलावर राहिला. त्यात तिची बोटं होती, पेन होतं आणि षटकोन होते.

निकालाच्या संध्याकाळी मी काजलची हॉलच्या दारात वाट बघत होते. तिचा मेसेज आला, "ताई, येता येत नाही, घरी पाहुणे आलेत." मी एकटीच आत गेले. काजलचा फोटो पहिला आला. तो भिंतीच्या मधोमध लावला होता आणि खाली टेबलावर पांढरं कापड अंथरून झाकण ठेवलं होतं. लोक वाकून वाचत होते. एका पाहुण्यांनी मला विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम बनवून घेतलंत का?" मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नसावं. बक्षिसाचं पाकीट मी तिच्या वतीने घेतलं आणि टाळ्या वाजल्या तेव्हा मला रडू आलं. आनंदानेच आलं. एवढं मोठं काही माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी बाजारात गेले. मावशी नवं पातळ नेसून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "ये, तोंड गोड कर."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पायजे? माज्याच घरात जमलं. पालगरकडची मानसं. सोताची बोट हाय, घर पक्कं हाय. तुजा फोटू बगूनच हो म्हनाले बग. काल आले ते नुसते बोलनी करायला."

माझ्या हातात तो पेढा तसाच राहिला. मी म्हटलं, "मावशी, फोटो पहिला आलाय. कॉलेजचं तीन वर्षांचं सगळं ते देणार आहेत. फी, पुस्तकं, पास, सगळं."

त्यांनी बॉक्सचं झाकण लावलं. "ते देतील गो. पन ती तीन वर्सं मी कुटून देऊ?"

मी तो पेढा रुमालात गुंडाळला.

"पंप ओडून ओडून दिवस काडते मी. तिला बाप नाय. उद्या माजं काय झालं तर ती संद्याकाळी कॉलेजातनं येनार कुनाच्या घरी? फीचं ते बगतील. तिचं कोन बगनार?" मग त्यांनी एका गिऱ्हाइकाला हाताने 'थांब' म्हटलं, आणि माझ्याकडे बघून जरा हळू म्हणाल्या, "तू रागावू नको. तुजे उपकार हायत."

"लग्नानंतर शिकू देतील का?"

"विचारलं मी. बगू म्हनाले."

काउंटरवर मी एक शिकले आहे. 'बघू' म्हणून पायरी उतरणारं गिऱ्हाईक परत येत नाही.

मी संस्थेच्या ताईंना फोन केला. त्यांनी पहिल्यांदा वय विचारलं. अठरा पूर्ण आहे, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलगी स्वतः नको म्हणाली तर आपण घरी जाऊन बोलू शकतो. बघ तिच्याशी बोलून."

काजल प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी स्टुडिओत आली. मी कॉम्प्युटर चालू ठेवला होता. कॉलेजचं पान उघडून ठेवलं होतं. ती स्टुलावर बसली, पांढरा पडदा तिच्या मागे होता.

"तू नको म्हण," मी म्हटलं. "एकदा मोठ्याने म्हण. ताई येतील, आम्ही सगळे येऊ."

"म्हटलं मी." ती तिच्या नखांकडे बघत होती. "आई ओरडली असती तर मी भांडले असते. ती ओरडली नाही. पंप ओढला, पाटी उचलली आणि बंदरावर गेली. त्याच्यापुढे काय बोलू, ताई? ती पाटी मी उचलू का? मी उचलली तर कॉलेज कसं करू?"

अंकल बाहेर होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं, पण ते काही ओरडले नाहीत.

"माणूस कसा आहे?" मी विचारलं.

"माहीत नाही. त्यानेही फोटोच बघितलाय. मला म्हणाला, फोटोत जास्त उजळ दिसतेस." ती थोडी हसली. "मी त्याला थर्माकोलचं सांगणार होते. मग म्हटलं जाऊ दे."

मी म्हटलं, "झाकण प्रदर्शनातून परत आलंय. नेतेस?"

"कुठे नेऊ? त्यांच्याकडे फायबरच्या पेट्या आहेत." ती उठली. "राहू दे तुमच्याकडे. उजेडाला वापरा."

संध्याकाळी कॉलेजचं पान आपोआप बंद झालं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गेले. घरी आईने विचारलं काय झालं, तर मला नीट सांगताही आलं नाही. ती म्हणाली, "लग्नच ठरलंय ना गं, काही वाईट तर नाही झालं." आमच्या घरी मला कॉलेजात कुणी अडवलं नाही. पण का अडवलं नाही, हे मी तेव्हापर्यंत कधी स्वतःला विचारलं नव्हतं. माझी आई धडधाकट आहे आणि वडिलांचे हात चालतात. बाकी माझ्यात आणि काजलमध्ये काही फरक असेल तर तो एवढाच की ती माझ्याहून हुशार आहे.

बक्षिसाची मदत दुसऱ्या नंबरच्या फोटोतल्या मुलीला मिळाली. ती आता कॉलेजात जाते, हे मी मुद्दाम लिहिते. ते खरं आहे आणि चांगलं आहे. मी तिला ओळखत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर काजलचं लग्न झालं. फोटोंचं काम आमच्याकडेच आलं. मी जाणार नाही म्हटलं. अंकलनी मला काही विचारलं नाही, गुडघ्याला पट्टा बांधून ते स्वतः गेले. परत आल्यावर म्हणाले, "एवढी लग्नं काढली मी. एकही पोरगी अशी बघितली नाही जी कॅमेऱ्याकडे न बघता उजेड कुठून येतोय ते बघते." अल्बम त्यांनी एकट्याने लावला.

त्या फोटोची पूर्ण प्रत मी पुन्हा काढून ठेवली आहे, खालच्या भागासकट. काजल कधी माहेरी आली तर द्यायची म्हणून. मावशींना दोनदा विचारलं. "पाटवीन तिला," म्हणाल्या. अंकलच्या नियमातून सुटलेली आमच्या दुकानातली ती एकच प्रत असेल. ती अंकलच्या फोटोसोबत त्याच खणात आहे.

यंदा संस्थेची स्पर्धा पुन्हा आली आहे. ताई नवं पोस्टर घेऊन आल्या. त्यावर काजलचाच फोटो आहे. "याच्याइतका चांगला फोटो आमच्याकडे दुसरा नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता काचेला चिकटपट्टी लावत राहिल्या. मला वाटतं त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

आणि झाकण स्टुडिओतच आहे. आमचा पांढरा पत्रा पावसाळ्यात मोडला. तेव्हा अंकलनी ते काढलं आणि एका मुलीच्या हातात देऊन बघितलं. पत्र्यापेक्षा चांगला उजेड येतो. थर्माकोल जुनं झाल्यामुळे त्याला किंचित पिवळी झाक आली आहे, त्यामुळे रंग गोड येतो. आता निळ्या पडद्यापुढे मुलगी आली की ते तिच्या पोटाशी धरायला देतो. फोटोत ते येत नाही, फ्रेम त्याच्या वर संपते.

परवा एक मुलगी आली होती. आई काउंटरवर अंकलशी प्रती किती हव्यात ते बोलत होती. मी तिच्या हातात झाकण दिलं. तिने ते वरून वाचलं, मग मान तिरकी करून पुन्हा वाचलं.

"ताई, हे बाहेरच्या पोस्टरवरचं आहे ना?"

"हो."

"ती मुलगी आता काय शिकते?"

माझा हात तिच्या डाव्या खांद्यावर होता. मी तो थोडा पुढे वळवला.

"हनुवटी जरा खाली घे," मी म्हटलं.